तीन पायांचा तो काळा भाग: आरओचा अडॅप्टर तपासताना

गेल्या जुलैत शेजारच्या काकू पाणी शुद्ध करणाऱ्या आरओचा पंप कापडी पिशवीत गुंडाळून माझ्या दुकानात आल्या. "अगं, एवढा वाइंड करून देतेस का? सर्व्हिसवाला म्हणाला पंप गेलाय, पाणी गाळणारं मेम्ब्रेनही गेलंय. चार हजारांच्या पुढे जाईल." तक्रार साधी होती. पंप घरघरतो, पाण्याची धार अगदी बारीक येते, टाकी भरायला अख्खी रात्र जाते. दारातून बाहेर पडताना त्या आणखी एक गोष्ट बोलल्या, जी मी तेव्हा नुसती ऐकून घेतली: "पाऊस उघडून ऊन पडलं की दुपारी जरा बरा चालतो बघ."

मी मोटर वाइंडिंग करते. कोपरखैरण्यात, सिडकोच्या बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत २८ वर्षं पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप बांधतेय. काम थोरल्या दिरांनी शिकवलं. तांबं, वॉर्निश, कार्बन, बेअरिंग यांत माझा हात बसलेला आहे. इलेक्ट्रॉनिक बोर्ड माझ्याकडे उशिरा आले आणि त्यातलं जे येतं ते एकेक भाग पुढ्यात घेऊन शिकलेलं आहे. म्हणूनच हे लिहितेय. ज्याला मोटर, वायरिंग, मल्टीमीटर कळतं, पण बोर्डावरचा एखादा भाग कधी पाहिलेलाच नाही, त्याने पुढे कसं जायचं, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी पंप निर्दोष आहे का ते बघा

आरओचा पंप २४ व्होल्ट डीसीवर चालतो. तो खराब आहे असं म्हणण्याआधी त्याला खात्रीचे २४ व्होल्ट द्यायला हवेत. मी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून पंपाला दिल्या, नळी बादलीत सोडली. पंप खणखणीत चालला, बोटाने तोंड दाबलं तर बोट मागे लोटलं. कार्बनचा वास नाही, मोटर तापत नाही. असा पंप उघडायची काही गरज नाही. काकूंना म्हटलं, "पंप ठेवा बाजूला, आख्खा आरओच घेऊन या."

आरओ आला. घरातल्या विजेचे २४ व्होल्ट डीसी करणाऱ्या अडॅप्टरवर हिरवा दिवा छान पेटत होता. सर्व्हिसवाल्याने तेवढंच पाहिलं असणार. दिवा पेटतो म्हणजे अडॅप्टर चांगला, हा समज फार महागात पडतो, कारण तो दिवा ५ व्होल्टवरही पेटतो आणि २४ वरही. मीटर लावला तर २४ च्या जागी १७.६ व्होल्ट.

इथे लगेच अडॅप्टर उघडू नका. आधी लोड, म्हणजे करंट ओढणारं काहीतरी, देऊन बघा. मी लोडसाठी ट्रकचा ब्रेक लाइटचा बल्ब वापरते, २४ व्होल्ट २१ वॉटचा. एपीएमसीच्या घाऊक बाजारामुळे आमच्याकडे ट्रकांना तोटा नाही, तुर्भ्याला हा बल्ब कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. साधारण ०.९ अँपिअर ओढतो, म्हणजे छोट्या पंपाएवढाच. बल्ब लावला आणि मीटर पाहिला: १७.४.

हे दोन आकडे नीट बघा. लोड नसताना १७.६, लोडवर १७.४. अडॅप्टर अशक्त असता, आतला फिल्टर कपॅसिटर सुकलेला असता, तर लोड देताच आकडा धाडकन खाली आला असता. इथे तो ठाम आहे. अडॅप्टरमध्ये ताकद आहे, पण कुणीतरी त्याला चुकीच्या आकड्यावर थांबवतंय. मला त्या दिवशी हे कळलं नाही. आकडे वहीत लिहिले आणि स्क्रू काढायला लागले.

उघडण्याआधी

हा अडॅप्टर चार स्क्रूंचा होता. चिकटवून बंद केलेला असता तर मी तो फोडला नसता, नवा घ्या म्हणून सांगितलं असतं. फोडलेलं कवच पुन्हा नीट बंद होत नाही आणि ही वस्तू पाण्याच्या यंत्रात बसते. वॉरंटी चालू असेल तर उघडू नका. आणि मायक्रोवेव्ह हाताशी असेल तर त्याला या लेखातलं काहीही लावू नका. त्यातलं व्होल्टेज हजारोंमध्ये असतं, त्याचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही माणूस मारू शकतो.

अडॅप्टरही निरुपद्रवी नसतो. घरातले २३० व्होल्ट एसी डीसी झाले की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि बिघडलेल्या बोर्डावर ते प्लग काढल्यावरही राहू शकतात. तो कपॅसिटर ओळखायला सोपा: बोर्डावरचा सगळ्यात जाड डबा, अंगावर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेलं. त्याच्या दोन पायांवर १० किलोओम, ५ वॉटचा सिमेंट रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या तारांनी धरा, दहा सेकंद मोजा, मग मीटरने शून्य झालंय याची खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करणारे पुष्कळ पाहिले आहेत. ठिणगीने ट्रॅक उडतो, कधी डोळाही जातो.

बोर्ड चालू करून मोजायचाच असेल तर सिरीज बल्बमधूनच, म्हणजे प्लगच्या एका तारेत बल्ब सिरीजमध्ये घालून. ६० किंवा १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब, एलईडी चालत नाही. चांगला अडॅप्टर लावला की बल्ब क्षणभर चमकतो आणि विझतो किंवा अगदी मंद होतो. प्रखर पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच काढा. मेन्सची, म्हणजे २३० व्होल्टची, बाजू मी लेदरॉइड पेपरने झाकते, मोटरच्या स्लॉटमध्ये घालतो तोच. काळा प्रोब क्रोकोडाइल क्लिपने आउटपुटच्या मायनसला कायमचा अडकवायचा, लाल प्रोब एका हातात, दुसरा हात पाठीमागे.

नाव देण्याआधी शेजारी बघा

आत नजर टाकली. फ्यूज ठीक, कुठला कपॅसिटर फुगलेला नाही, काळं पडलेलं काही नाही. मग जे ओळखीचं वाटलं ते तपासत गेले. आउटपुटच्या बाजूला तीन पायांचा छोटा काळा भाग होता, एक बाजू सपाट, एक गोल. मी म्हटलं ट्रान्झिस्टर. बोर्डावरून काढला, मीटर डायोडच्या रेंजला ठेवून तपासला. ट्रान्झिस्टरमध्ये एक पाय बेसचा असतो आणि त्यापासून उरलेल्या दोन्ही पायांकडे ०.६-०.७ च्या आसपास आकडा मिळतो. इथे तसा हिशेब काही केल्या जुळेना. वहीत लिहिलं: "ट्रान्झिस्टर खराब." दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन नवा आणायचा असं ठरवून टाकलं.

संध्याकाळी मुलगी कॉलेजातून आली. ती डिप्लोमाला आहे. बोर्ड हातात घेऊन म्हणाली, "आई, इथे काय छापलंय वाचलंस का? यू ३."

"मग?"

"ट्रान्झिस्टर असता तर क्यू असतं. यू म्हणजे आयसी, एकाच अंगात अख्खं छोटं सर्किट."

तीन पायांची आयसी मला माहीत होती, पण ती ७८०५ सारखी, पाठीला पत्रा असलेली. एवढ्याशा चणीत आयसी असेल हे मनातच आलं नाही. मी आकाराला नाव दिलं, त्या नावाप्रमाणे चाचणी केली आणि चाचणीत नापास झाला म्हणून चांगल्या भागाला दोष दिला. तिने थांबवलं नसतं तर मी तिथे ट्रान्झिस्टर बसवून अडॅप्टर चालू केला असता.

म्हणून अनोळखी भाग दिसला की मी आता तो काढायच्या आधी चार गोष्टी लिहून काढते. बोर्डावर त्याच्याजवळ कोणतं अक्षर छापलंय. अंगावर कोणता नंबर आहे. तो मेन्सच्या बाजूला आहे की आउटपुटच्या. आणि त्याचा प्रत्येक पाय कुणाकडे जातो.

अक्षरांचं सांगते. आर रेझिस्टर, सी कपॅसिटर, डी डायोड, झेडडी झेनर, एल कॉइल, क्यू ट्रान्झिस्टर, यू किंवा आयसी म्हणजे आयसी, एफ फ्यूज. बहुतेक बोर्ड हे पाळतात, स्वस्तातले काही पाळत नाहीत, म्हणून एकट्या अक्षरावर विसंबायचं नाही.

नंबर पुसट असेल तर अंगावर खडूची पूड चोळून बोटाने पुसा, कोरलेल्या रेघांत पांढरं राहतं. टॉर्च तिरपी धरा, मोबाइलने फोटो काढून मोठा करा. माझ्या त्या भागावर ४३१ दिसलं, पुढची अक्षरं अर्धवट. पुढे टीएल, केए, एझेड, एलएम यांपैकी काहीही असू शकतं, ती बनवणाऱ्याची खूण. कूळ ४३१ चं.

जागेचं महत्त्व मला निळ्या चकत्यांनी शिकवलं, त्यावर थोडं थांबते. अडॅप्टरमध्ये किंवा इंडक्शनमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या चकत्या असतात आणि त्यांची कामं अगदी वेगळी असतात. फ्यूजच्या लगेच पुढे, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये आडवी बसलेली चकती म्हणजे एमओव्ही. विजेचा झटका आला की ती स्वतः वाहून घेते, कधी फुटते. तिच्यावर ४७१ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ४७० व्होल्ट. तसाच ४७१ आकडा सिरॅमिक कपॅसिटरवर असेल तर अर्थ ४७० पिकोफॅरड. आकडा एक, चकती एकसारखी, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. मेन्सच्या वाटेत सिरीजमध्ये बसलेली, काळी किंवा हिरवी, "५डी-९" अशी लिहिलेली चकती म्हणजे एनटीसी: थंड असताना ५ ओम, ९ मिलिमीटर व्यासाची, सुरुवातीचा झटका रोखते, तापली की वाट मोकळी करते. आणि मेन्सची बाजू व आउटपुटची बाजू यांच्यामधल्या दरीवर पूल टाकून बसलेली निळी चकती म्हणजे वाय कपॅसिटर. अंगावर वाय १ किंवा वाय २ असं लिहिलेलं असतं. तिच्या जागी साधा कपॅसिटर कधीही लावायचा नाही. तो शॉर्ट झाला तर मेन्स थेट आउटपुटवर येतो, आणि इथे आउटपुट म्हणजे काकूंच्या पिण्याच्या पाण्याचा पंप.

हिरवट जाडसर अंगाचा, रंगीत पट्ट्यांचा "रेझिस्टर" मीटरवर जवळजवळ शून्य ओम दाखवत असेल तर तो बहुधा कॉइल असतो. त्याला शॉर्ट समजून काढू नका.

आता ती दरी. बोर्ड उलटा केला की तांब्याच्या पट्ट्यांमध्ये एक रुंद कोरी वाट दिसते, कधी तिथे खाचही पाडलेली असते. एका बाजूला मेन्स, दुसऱ्या बाजूला आउटपुट. ही वाट ओलांडणारे भाग मोजकेच: ट्रान्सफॉर्मर, वाय कपॅसिटर आणि चार पायांची छोटी आयसी, बहुतेक वेळा पीसी ८१७. तिच्यात एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला उजेड पडला की चालू होणारा ट्रान्झिस्टर असतो. दोघांत तार नाही, फक्त उजेड. माझा तीन पायांचा ४३१ तिच्याच शेजारी, आउटपुटच्या बाजूला होता. त्याचा एक पाय आउटपुटच्या मायनसला, एक पीसी ८१७ च्या एलईडीकडे आणि एक दोन रेझिस्टर जिथे मिळतात त्या सांध्यावर. ही बैठक एकदा डोळ्यांत बसली की पुढच्या कुठल्याही अडॅप्टरमध्ये, टीव्हीच्या सप्लायमध्ये, सेट टॉप बॉक्समध्ये तुम्ही ४३१ नंबर न वाचता ओळखाल.

तो काय काम करतो

मुलीने डेटाशीट, म्हणजे बनवणाऱ्याने दिलेलं माहितीपत्रक, उघडून दिली. हा भाग १९७० च्या दशकाच्या शेवटापासून आहे, मी प्राथमिक शाळेत होते तेव्हापासून, आणि मला तो गेल्या वर्षी भेटला. डेटाशीट इंग्रजीत आणि लांबलचक असते. सगळी वाचायची गरज नाही. पायांचं चित्र, सगळ्यात जास्त किती व्होल्ट-अँपिअर सोसतो तो तक्ता आणि एखादी नमुन्याची सर्किट, एवढं पुरतं. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, तर डावीकडून रेफरन्स, अॅनोड, कॅथोड. बोर्डावर चिकटवायच्या छोट्या आकारात हे पाय बदललेले असतात, तिथे त्याच नंबरची डेटाशीट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

काम मला टाकीतल्या फ्लोटवरून कळलं. गच्चीवरच्या टाकीत पाणी ठरावीक पातळीला आलं की चेंडू वर येतो आणि दांडी व्हॉल्व्ह बंद करते. ४३१ हा तो चेंडू. त्याला एकच पातळी माहीत: रेफरन्स पायावर २.५ व्होल्ट. त्याच्या वर गेलं की तो पीसी ८१७ चा एलईडी पेटवतो, पलीकडच्या बाजूला "पुरे" असा निरोप जातो, मेन्सची बाजू हात आखडता घेते. २.५ च्या खाली आलं की एलईडी मंद, पलीकडून जास्त ताकद येते.

दांडी म्हणजे ते दोन रेझिस्टर. माझ्या बोर्डावर वरचा, आउटपुटच्या प्लसकडचा, ३३ किलोओम. खालचा, मायनसकडचा, ३.९ किलोओम. दोघांची बेरीज ३६.९, तिला ३.९ ने भागलं तर सुमारे ९.४६. त्याला २.५ ने गुणलं की २३.६५ व्होल्ट. अडॅप्टरवर छापलेले २४ कुठून आले ते समजलं. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा मला फार बरं वाटलं. एवढे दिवस जो बोर्ड मुका होता त्याने एक वाक्य तरी सांगितलं.

भाग खराब आहे की नाही

४३१ बाहेर काढलेला होताच, म्हणून त्याची खरी चाचणी केली. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, १ किलोओमचा रेझिस्टर. रेफरन्स आणि कॅथोड हे दोन पाय एकत्र जोडा. बॅटरीच्या प्लसपासून रेझिस्टरमधून त्या जोडीला, आणि अॅनोड बॅटरीच्या मायनसला. मीटर अॅनोड आणि कॅथोडवर. २.५ च्या अगदी जवळ आकडा आला तर भाग चांगला. माझा २.४९ आला. डायोडच्या रेंजवर त्याच्याबद्दल एवढंच नक्की सांगता येतं: लाल प्रोब अॅनोडला आणि काळा कॅथोडला लावला तर साध्या डायोडसारखा आकडा दिसतो. बाकीच्या पायांमधले आकडे मेकप्रमाणे बदलतात, त्यांवरून निकाल लावायचा नाही.

तो पुन्हा बसवला. हा भाग बोर्डावर नसताना अडॅप्टर चालू करून बघायचा मोह आवरा. चेंडू काढलेल्या टाकीसारखं होतं, थांबवणारं कुणी उरत नाही, आउटपुट चढत जातं आणि तिथला ३५ व्होल्टचा कपॅसिटर फुटू शकतो.

खरं तर भाग न काढताही पुष्कळ कळतं, आणि आता मी तेच आधी करते. अडॅप्टर सिरीज बल्बवर चालू, काळी क्लिप मायनसला, लाल प्रोब रेफरन्स पायावर. आउटपुट आणि रेफरन्स हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा.

आउटपुट कमी आणि रेफरन्सही २.५ पेक्षा कमी: चेंडू खालीच आहे, तो पाणी मागतोय आणि वरून येत नाही. मग सुकलेला कपॅसिटर, लोडमधला शॉर्ट, पीसी ८१७ किंवा मेन्सच्या बाजूचा बिघाड शोधा. आउटपुट जास्त आणि रेफरन्सही २.५ च्या बराच वर: चेंडू वर आलाय पण निरोप पोचत नाही, मग ४३१ किंवा पीसी ८१७ वर संशय घ्या. आउटपुट चुकीचं पण रेफरन्स बरोबर २.५: चेंडू आपलं काम चोख करतोय, दांडी बिघडली आहे.

माझे आकडे होते १७.४ आणि २.४९.

दांडी

मी उलटा हिशेब केला. १७.४ ला २.५ ने भागलं की ६.९६. त्यातून १ वजा, ५.९६. त्याला ३.९ ने गुणलं तर २३ किलोओमच्या थोडं वर. म्हणजे ४३१ ला वरचा रेझिस्टर ३३ च्या जागी २३ दिसतोय. कार्बनचे रेझिस्टर जुने झाले की त्यांची किंमत बहुधा वाढते, अशी उतरत नाही. तरी मोजायला हवा होता. बोर्डावर बसलेला असताना मोजून उपयोग नाही, कारण आजूबाजूच्या वाटांमधूनही करंट जातो आणि आकडा खोटा येतो. एक पाय उचलावा लागतो.

बाजूच्या मोठ्या कपॅसिटरला हलू नये म्हणून कारखान्यात गोंद लावला होता आणि तो पसरून या रेझिस्टरच्या अंगावर आला होता. पाय उचलताना गोंदाचा एक कपचा तुटला. रेझिस्टर मोजला: ३२.८. निर्दोष. खालचा मोजला: ३.८९. तोही निर्दोष.

सगळे भाग चांगले आणि आकडा चुकीचा. मी पाय परत सोल्डर केला आणि काहीच सुचेना म्हणून अडॅप्टर पुन्हा लावला. २१.८.

मी काही बदललं नव्हतं. तोच रेझिस्टर, तीच जागा. खुर्चीवर बसले आणि वही मागे चाळली. पहिल्या दिवशी सकाळी १६.९ लिहिलेलं, त्याच दुपारी १८.२, रात्री १७.४. मग काकूंचं वाक्य आठवलं. ऊन पडलं की बरा चालतो.

हे तर माझंच काम. पावसाळ्यात भिजलेल्या, सर्दावलेल्या मोटरी येतात. इन्सुलेशन मोजायचा मेगर लावला की तो एक मेगओमच्याही खाली दाखवतो. तार तुटलेली नसते, जळलेली नसते. तिला २०० वॉटच्या बल्बखाली रात्रभर ठेवलं की सकाळी मेगर वर चढतो. खाडीच्या काठच्या गावात राहणाऱ्या प्रत्येक वाइंडिंगवाल्याला हे माहीत असतं. बोर्डावर सर्द कुठे धरेल? जिथे काहीतरी पाणी ओढून धरतंय तिथे. गोंद.

खात्री करायला मेगर उचलायचा नाही. तो ५०० व्होल्ट सोडतो, बोर्डावरचे भाग मारून टाकेल. मी मुलीचा हेअर ड्रायर घेतला, मध्यम गरमवर, हातभर अंतरावरून, फक्त त्या कोपऱ्यावर, अडॅप्टर सिरीज बल्बवर चालू ठेवून आणि मीटर आउटपुटला अडकवून. आकडा सरकू लागला. २१.९, २२.३, २२.८. ड्रायर बंद करून ओल्या फडक्याची वाफ नुसती जवळ धरायचा विचार आला होता, तो सोडून दिला, चालू बोर्डाजवळ पाणी नको. एवढा पुरावा पुरेसा होता.

हा गोंद नवा असताना पिवळट असतो आणि वीज वाहत नाही. वर्षानुवर्षं उष्णतेत राहिला की तपकिरी होतो, दमट हवेत ओलावा धरतो, वीज वाहू लागतो आणि खालचं तांबंही खातो. प्लग काढून, मोठा कपॅसिटर रिकामा करून, तुटलेल्या कपच्यात प्रोबची टोकं रोवली तर मीटरने लाखभर ओम दाखवले. ३३ किलोओमच्या रेझिस्टरला अशी एक गुपचूप वाट शेजारून मिळाली होती, म्हणून दोघे मिळून २३ दिसत होते.

साफ करायची रीत: प्लग काढलेला, कपॅसिटर शून्य. हेअर ड्रायरने गोंद कोमट करा, म्हणजे मऊ पडतो. बांबूच्या काडीने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सोला. ब्लेड नको, ट्रॅक कापला जातो. उरलेलं जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासा. थिनर वापरू नका, तो बोर्डावरची छपाई आणि प्लास्टिक खातो. रेझिस्टरचे पाय हिरवट पडलेले असतील तर रेझिस्टर बदला, आतून तुटायला आलेला असतो. मी दोन्ही बदलले, १ टक्क्याचे मेटल फिल्म, मिळून दोन-तीन रुपयांचे. मग बोर्ड तासभर बल्बच्या उबेला ठेवला आणि पूर्ण सुकल्यावरच लावला.

मोठा कपॅसिटर हलू नये म्हणून काहीतरी लावावं लागतं. सिलिकॉन घ्या, पण ज्याला व्हिनेगरचा आंबट वास येतो ते नको, त्यातल्या आम्लाने तांबं खराब होतं. न्यूट्रल लिहिलेलं बघून घ्या, आणि फक्त कपॅसिटरच्या बुडाशी लावा.

परत देण्याआधी

आउटपुट आलं २३.६. कागदावरच्या हिशेबाशी जुळलं. ट्रकचा बल्ब लावून चार तास चालू ठेवला, दर अर्ध्या तासाने आकडा लिहिला, हात जवळ नेऊन कुठे जास्त तापतंय का पाहिलं. मग कवचाचे स्क्रू आवळले आणि आरओत बसवताना अडॅप्टरची जागा बदलली. तो तळाशी होता, फिल्टर बदलताना सांडणारं पाणी तिथेच जमतं. मागच्या भिंतीला वरच्या बाजूला दोन स्क्रूंनी लावला आणि वायर खाली झोका देऊन मग वर घेतली, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी टपकून जाईल.

काकूंच्या घरी पंप सुरू केला तेव्हा धार लगेच जाड झाली. मेम्ब्रेन बदलायचं का, असं त्यांनी विचारलं. दाबच कमी होता तोवर मेम्ब्रेनची परीक्षा झालेलीच नव्हती. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरने नळाचं आणि आरओचं पाणी मोजलं, फरक चांगला होता, म्हणून तेच मेम्ब्रेन राहू दिलं.

अडॅप्टरच्या कवचाच्या आत मी एक चिठ्ठी चिकटवली आहे: "३३ के आणि ३.९ के बदलले, गोंद काढला, लोडवर २३.६, रेफरन्स २.४९." यंदाच्या पावसात, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी सात वाजता भर सरीत जाऊन पुन्हा मोजला. २३.५.